लाल दोऱ्याचा रुमाल

आमच्या चर्चमधल्या प्याल्याचे रुमाल धुवायचा मान आमच्या घराला होता. मान हा शब्द पपांचा. आई त्याला नुसतं धुणं म्हणायची.

चर्च इंग्रजी अमदानीतलं. काळ्या दगडाचं, उंच आढ्याचं, आत शिरलं की मे महिन्यातही तळपाय गार पडायचे. संस्थानात नेमलेले गोरे अधिकारी आणि त्यांच्या मडमा यांच्यासाठी ते बांधलेलं. भिंतींवर पितळी पाट्या होत्या. कुणी साहेब तापानं गेला, कुणी घोड्यावरून पडून गेला, कुणा मडमेचं तान्हं मूल दहाव्या दिवशी गेलं. बाकांच्या टोकांना नावाची चिठ्ठी अडकवायला पितळी चौकटी होत्या. साहेब गेले, चौकटी रिकाम्या झाल्या आणि आम्ही उरलेली दहा-बारा मराठी घरं मागच्या बाकांवरून पुढं सरकलो. मी शाळेत नुकती नोकरीला लागले होते तेव्हा, म्हणजे साठचं दशक सरताना, आमच्यात कोणी कुठं बसायचं हे साहेबांच्या वेळेपेक्षाही कडक झालं होतं. पुढचा उजवा बाक आमचा. पपा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी होते, मग तो बाक दुसऱ्या कुणाला मिळणार?

पाद्रीसाहेब बाहेरगावचे. महिन्यातून एकदा रेल्वेनं यायचे आणि त्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं. वेदीसमोर लाकडी कठडा होता. त्याला लागून आम्ही तीसेक माणसं ओळीनं गुडघे टेकायचो. पाद्रीसाहेब आधी प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवायचे आणि मग द्राक्षारसाचा चांदीचा प्याला एकेकाच्या ओठाला लावत जायचे. प्याला एकच. एकानं घोट घेतला की रुमालानं काठ पुसायचा, प्याला जरा फिरवायचा आणि पुढच्याच्या ओठाला लावायचा. शेवटी जो द्राक्षारस उरेल तो ओतून द्यायचा नाही, तिथंच पिऊन संपवायचा, असा नियम. रुमालाचंही तसंच. त्याचं पहिलं पाणी गटारात सोडायचं नाही, मातीत जिरवायचं. आमच्याकडं ते दारातल्या मोगऱ्याला जायचं.

या एका प्याल्यावर पपांचा भारी जीव. दर नाताळात उपासनेनंतर मंडळी चहाला जमली की ते आजोबांची गोष्ट सांगायचे. आजोबा कागलकडच्या एका खेड्यातले. तिथं त्यांना ओंजळ धरून उभं राहावं लागे, आणि कुणी हातभर वरून पाणी ओतेल तेवढंच प्यावं लागे. मग ते कोल्हापूरला आले, साहेबाच्या बंगल्यावर बटलर झाले, बाप्तिस्मा घेतला आणि याच कठड्याला गुडघे टेकून याच प्याल्यातून प्यायले. "ज्या काठाला साहेबाचे ओठ, त्याच काठाला माझ्या बापाचे ओठ!" इथं पपांचा आवाज दाटून यायचा. ते चष्मा काढायचे. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मीही लावायची, लहानपणापासून, न चुकता. आई तेवढी नेमकी त्याच वेळी कपबशा गोळा करायला उठायची.

याच चर्चमध्ये एक नर्स होत्या. अख्खी मंडळी त्यांना सिस्टर म्हणायची. माझा धाकटा भाऊ त्यांच्या हातावर जन्मला. मला गोवर निघाला तेव्हा त्या आठवडाभर सकाळ-संध्याकाळ येऊन माझ्या उशाशी बसल्या होत्या. चर्चमध्ये त्यांचा बाक आमच्या मागचाच आणि गाण्यात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. मग एके दिवशी त्यांच्या दंडावर चट्टा उठला. महारोग. नवरा गाव सोडून गेला तो परत आला नाही. त्या महारोग्यांच्या वसाहतीत गेल्या आणि आठ वर्षं तिथं राहिल्या. त्या आठ वर्षांत आमच्यातलं कुणी त्यांना भेटायला गेल्याचं मला आठवत नाही. प्रार्थना मात्र आम्ही करायचो, त्यांचं नाव घेऊन, चांगल्या मोठ्या आवाजात.

त्या बऱ्या होऊन परत आल्या आणि आमची पंचाईत झाली. डाव्या हाताची दोन बोटं वाकलेली, भुवया विरळ झालेल्या, बाकी माणूस तेच. सोबत डॉक्टरची चिठ्ठी होती: रोग पूर्ण बरा झाला आहे, यांच्यापासून कुणालाही धोका नाही. पपांनी ती चिठ्ठी कमिटीपुढं मोठ्यानं वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. सिस्टर दारात उभ्या होत्या, त्यांना खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही. मी टिपण लिहायला बसले होते, मलाही सुचलं नाही.

सिस्टर म्हणाल्या, "मला बाकी काय नको. कुठं बसवशीला तिथं बसते. आठ वर्सं लोकांनी मला पाणीसुद्धा लांबनं ओतलंय. तेवढा प्याला ओठाला लागू दे, बास."

लांबून ओतलेलं पाणी ऐकून पपांना आजोबा आठवले नसतील, असं मी म्हणू शकत नाही. पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "पाहू," ते म्हणाले, "पाद्रीसाहेबांशी बोलून ठरवू."

ठरलं ते असं. सिस्टरनी कठड्याच्या अगदी डाव्या टोकाला गुडघे टेकायचे. पाद्रीसाहेब उजवीकडून सुरुवात करत, म्हणजे प्याला त्यांच्याकडं सगळ्यांच्या शेवटी जाणार. त्यांच्यानंतर पिणार ते फक्त पाद्रीसाहेब, आणि ते काय, दुपारच्या गाडीनं जाणारच आहेत. हे शेवटचं वाक्य कमिटीतले एकजण खरोखर बोलले आणि आम्ही सगळे हसलो.

तरी रुमालाचं राहिलंच. रुमाल सगळे सारखे. सिस्टरच्या ओठांनंतर काठ पुसलेला रुमाल पुढच्या महिन्यात दुसऱ्यांसाठी वापरला गेला तर? ही शंका दुसऱ्या कुणाची नाही, माझी. तोडगाही माझाच. मी म्हटलं, एका रुमालाला खूण करू. सिस्टरची पाळी आली की पपांनी पाद्रीसाहेबांच्या हातातला रुमाल काढून घ्यायचा आणि तो खुणेचा द्यायचा. धुवायचाही वेगळा. पपांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी बी.ए.ला पहिली आले असते तरी तसं पाहिलं नसतं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून पांढऱ्या रुमालाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची बारीक फुली घातली. आई भाकरी थापत होती. तिनं वळून पाहिलं.

"लाल कशाला? निळा घे की," ती म्हणाली.

"निळाच का?"

"निळाच घालत्यात," एवढंच बोलून ती तव्याकडं वळली.

माझ्या हाताशी लाल होता, मी लालच घातला. टाके एकसारखे आले होते आणि मला त्यांचं फार कौतुक वाटत होतं.

दोन वर्षं सगळं बिनबोभाट चाललं. पाद्रीसाहेब म्हातारे होते आणि दिसलेलं न दिसल्यासारखं करण्यात तरबेज. प्याला डाव्या टोकाला आला की पपा एक पाऊल पुढं व्हायचे, रुमाल बदलायचे आणि मागं सरायचे. घरी आल्यावर तो रुमाल मी चिमट्यानं उचलायची आणि वेगळ्या पातेल्यात डेटॉल घालून उकळायची. त्याचं पाणी मी मोगऱ्याला कधी घातलं नाही. मोगऱ्याची फुलं मी केसांत माळत होते ना! ते पाणी संडासामागच्या मातीत जायचं. आणि त्याच रविवारी, त्याच हातांनी, लहान मुलांच्या वर्गात मी प्रभूनं महारोग्याला हात लावून बरं केल्याची गोष्ट सांगायची, फळ्यावर चित्र काढून.

सिस्टरना आता कुणी सिस्टर म्हणत नव्हतं. 'त्या बाई' म्हणत. त्या दर महिन्याला वेळेवर यायच्या, डाव्या टोकाला गुडघे टेकायच्या, घोट घ्यायच्या आणि कुणाशी न बोलता जायच्या.

मग म्हातारे पाद्री निवृत्त झाले. त्याच सुमारास वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्चच्या दारावरची पाटी बदलली होती आणि नवे पाद्री आले ते तरुण, काटक आणि डावखुरे. पहिल्याच रविवारी पपा नेहमीप्रमाणे वेदीजवळ जाऊन उभे राहिले, तर पाद्री म्हणाले, "सर, तुम्ही ओळीत बसा. माझं मी करतो." पपा गडबडले. मी तोवर वेदीमागच्या खोलीत लाल दोऱ्याचा रुमाल वरती दिसेल असा घडी करून ठेवत होते. आम्ही दोघं कठड्याशी पोचलो तेव्हा ओळ भरली होती. जागा उरली होती ती डाव्या टोकाची, सिस्टरच्या शेजारची. आधी मी बसले, माझ्यापलीकडं पपा.

आणि डावखुऱ्या पाद्रींनी प्याला डावीकडून फिरवायला सुरुवात केली.

सिस्टरनी वर पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच प्याला आधी त्यांच्याकडं आला होता. त्यांनी घोट घेतला. तो घशातून उतरल्याचा आवाज मला ऐकू आला. पाद्रींनी साध्याच रुमालानं काठ पुसला, प्याला फिरवला आणि माझ्यासमोर धरला.

तेव्हा मला काय वाटलं ते मी गुळमुळीत करून सांगणार नाही. किळस वाटली. गोवरात मी ओकले तेव्हा जिनं माझं तोंड पुसलं होतं, तिची किळस. मी प्याल्याला हात लावला, तो कलता केला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. द्राक्षारस ओठांवर आला आणि हनुवटीवरून ओघळला. मी तो पदरानं पुसला.

पपांनी ते पाहिलं. प्याला त्यांच्याकडं गेला तेव्हा त्यांचेही ओठ मिटले. पलीकडच्यानं पपांचं पाहिलं आणि त्याच्या पलीकडचीनं त्याचं. सेक्रेटरी करतात म्हणजे तसंच करायचं असणार. सिस्टरनंतर प्याला तीस तोंडांना लागला आणि एकाही घशाखाली काही उतरलं नाही. सुरुवात माझ्यापासून झाली होती.

उजव्या टोकाला पोचल्यावर पाद्रींनी प्याल्यात पाहिलं. मग आमच्या ओळीकडं पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांना समजायला वेळ लागला नाही. "हा इथंच संपवायचा असतो," ते म्हणाले. आवाज त्यांनी जराही चढवला नाही. "मला एकट्याला जमणार नाही. मदतीला कोण येतं?"

कुणी हललं नाही. माझ्यासमोर कठड्याच्या लाकडाला एक भेग होती, मी तिच्याकडं पाहत राहिले. पपा डोळे मिटून प्रार्थनेला लागले. शेजारी हालचाल झाली. सिस्टर उठत होत्या. गुडघे धरल्यामुळं त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. मी हात पुढं केला नाही.

पाद्रींनी प्याला त्यांच्या हातात दिला. वाकलेल्या बोटांनी त्यांनी तो छातीशी धरला, प्यायल्या आणि परत दिला. पाद्री प्यायले आणि त्यांनी पुन्हा सिस्टरकडं दिला. असं तीन-चार वेळा झालं. मध्ये एकदाही त्यांनी काठ पुसला नाही. आम्ही बाकीचे गुडघ्यांवरच होतो, कारण उठायचं कधी हे कुणाला समजत नव्हतं.

उपासना सुटल्यावर मी मागच्या खोलीत रुमाल गोळा करत होते. सिस्टर दारात आल्या.

"पोरी, पदराला डाग पडलाय," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर मीठ लावून ठेव. न्हायतर राहील."

मी पदर खोचला. त्यांची नजर टेबलावर गेली. लाल दोऱ्याचा रुमाल घडी न मोडता तिथंच पडला होता.

"आज ह्यो वापरलाच न्हाय व्हय?"

"तो... तो असाच ठेवलाय," मी काहीतरी बोलले.

"अगं, इस्पितळात महारोग्यांच्या चादरींना लाल दोरा मीच घालत हुते की. ही खूण मला कळायची न्हाय व्हय? पयल्या दिवशीच कळलीया." त्यांनी रुमाल उचलला, कोपरा बोटांनी चाचपला आणि परत ठेवला. "टाका मात्र चांगला हाय तुझा."

त्या गेल्या. मला शरम वाटायला हवी होती. पण मला राग आला, त्यांचाच. सगळं ठाऊक होतं तर दोन वर्षं यायचंच कशाला, असं वाटलं. घरी जाऊन मी पदराला मीठ लावलं, डाग निघाला.

पुढच्या कमिटीत पपांनी ठराव मांडला. प्रश्न कुणा एका व्यक्तीचा नाही, आरोग्याचा आहे, आता इतर मंडळ्यांतही प्रत्येकाला वेगळा पेला देतात, जमाना बदलला. नवे पाद्री तावातावानं भांडले आणि एकटेच पडले. पपा स्वतः मिरजेला जाऊन सर्जिकलच्या दुकानातून तीन डझन इवले काचेचे पेले घेऊन आले. औषध मोजून द्यायचे ते. बाजूला मापाच्या रेघा होत्या.

पहिल्या महिन्यात आम्ही कठड्याशी ओळीनं बसलो आणि पेल्यांचं तबक फिरलं. तबक पपांच्या हातात होतं. आता आधी कोण, शेवटी कोण, याला अर्थ उरला नव्हता. सिस्टरनी आपला पेला उचलला आणि उजेडाकडं धरून त्यावरच्या रेघा पाहिल्या.

"सर," त्या पपांना म्हणाल्या, आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्यो डोसाचा पेला हाय. माझं औषध कवाच संपलंय."

त्यांनी भरलेला पेला तबकात ठेवला, उठल्या आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर पडल्या. पितळी पाट्यांवरून, रिकाम्या चौकटींवरून त्यांची सावली सरकत गेलेली मला अजून दिसते. त्या परत कधी आल्या नाहीत. तो पेला तेवढा भरलेला राहिला. ओतून द्यायचा नाही हा नियम, आणि प्यायला कुणी तयार नाही. मी तो पदराआड घरी नेला आणि मोगऱ्याला ओतला.

एका बाईच्या ओठांना टाळण्यासाठी आम्ही तीस माणसं एकमेकांच्या ओठांना मुकलो. त्या नाताळात पपांनी आजोबांची गोष्ट सांगितली. चष्मा काढला. ज्या काठाला साहेबाचे ओठ, त्याच काठाला. मागच्या टेबलावर पेल्यांचं तबक धुऊन पालथं घातलेलं होतं.

सिस्टर जयसिंगपूरला असतात, असं काही वर्षांनी कानावर आलं. एका जैन व्यापाऱ्याच्या घरी त्याच्या अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं त्या करत होत्या. ती म्हातारी म्हणे दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी घेत नसे. जयसिंगपूर काही लांब नाही, एसटीनं तासाचा रस्ता. मी गेले नाही. त्या तिथंच वारल्या तेव्हाही गेले नाही.

ऐंशीच्या आसपास चर्चच्या मागच्या खोलीत वाळवी लागली आणि तिथली जुनी पेटी उन्हात टाकायला आम्ही घरी आणली. तळाशी साहेबांच्या वेळचं कापड होतं. पिवळी पडलेली वेदीची झाकणं, आणि त्यांच्याखाली पाच-सहा रुमाल. प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची बारीक फुली. मी ते आईसमोर धरले.

"व्हय, तेच," आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "साहेब लोकांचं झालं की पाद्री रुमाल बदलायचा. मग आपली माणसं. तुझा आजा त्यातच. सगळ्यांत शेवटी. दोरा तुझी आजी घालायची, तीच धुवायची. मी लग्न होऊन आले तवा मला शिकवलं तिनं. म्हणून तर तुला म्हटलं हुतं, निळा घे."

"पपांना ठाऊक आहे हे?"

"त्यास्नी न्हाय ठाव? ल्हानपणी हेच रुमाल भिजवायचे की."

त्या वर्षी नाताळात मंडळी चहाला जमली. पपा आता थकले होते, हात कापायचा, पण गोष्ट पाठ होती. ओंजळीवर आले, बंगल्यावर आले, कठड्याशी आले. "ज्या काठाला साहेबाचे ओठ," त्यांनी चष्मा काढला, आणि सगळ्यांच्या देखत मी विचारलं, "पपा, मधे रुमाल बदलायचे ना? निळ्या दोऱ्याचा?"

चष्मा त्यांच्या हातातच राहिला. लोक आधी माझ्याकडं बघायला लागले, मग त्यांच्याकडं. पुढच्या रांगेतली एक मुलगी फिदकन हसली. पपांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळे न पुसता ओठ पुसले. मग खाली बसले. ती गोष्ट त्यांनी त्यानंतर कधीच सांगितली नाही. दोन वर्षांनी ते गेले.

त्या दिवशी आईनं कपबशा उचलल्या आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "झालं समाधान?"

झालं होतं. खोटं कशाला बोलू? म्हाताऱ्या बापाला चारचौघांत उघडं पाडून मला बरं वाटलं होतं. नंतर चार-पाचजणींनी मला कोपऱ्यात गाठून सगळं विचारून घेतलं. मी निळ्या दोऱ्याचं सांगितलं, आजीचं सांगितलं, पाद्री रुमाल कसा बदलायचे तेही हातवारे करून सांगितलं. लाल दोरा कुणी घातला होता, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.